पाव फेर

रत्नपालने हातभर लांब पेचकसाचं टोक इंजिनाच्या झाकणावर टेकवलं, लाकडी मूठ उजव्या कानाला लावली आणि डोळे मिटले. व्हॅन चालूच होती. व्हॅनचे मालक केशोराव शेजारी हात बांधून उभे राहिले. डॉक्टर छातीला नळी लावतो तेव्हा पेशंटच्या घरची माणसं उभी राहतात, तसे. हायवेवरून एक ट्रक गेला, मागोमाग दुसरा. दोन्ही जाईपर्यंत रत्नपाल थांबला. मग त्याने मान हलवली.

"झालं. आता घड्याळावानी चालून राहिली."

केशोरावांनी इंजिनाकडे पाहिलं, रत्नपालकडे पाहिलं, आणि मग त्याच्या मागे उभ्या असलेल्या त्याच्या मुलीकडे, समीक्षाकडे पाहिलं. टिकटिक स्पष्ट ऐकू येत होती. मधल्या सिलिंडरचा टॅपेट, म्हणजे वाल्व्ह दाबणारा खटका, वाजत होता. वरणाला उकळी आली की पातेल्यावरचं झाकण वाजतं तसा, पण बारीक, टोकदार आवाज. समीक्षाने केशोरावांकडे पाहून पापण्या एकदा मिटल्या, उघडल्या.

"बाबा, काकासंगं चहा पिऊन या ना," ती मोठ्याने म्हणाली. "मी पुसून ठेवते गाडी."

"चला रत्नपालभाऊ," केशोराव लगेच म्हणाले. "मले बी तलफ आली."

चहाची टपरी रस्त्याच्या पलीकडे होती. जाणं, पिणं आणि येणं मिळून बारा मिनिटं. समीक्षाने व्हॅन बंद केली, उचललेल्या सीटखालच्या झाकणाचे नट काढले आणि पातळ पोलादी पत्त्यांचा जुडगा, ज्याला गॅरेजमध्ये गेज म्हणतात, तो घेऊन खाली वाकली. टॅपेट आणि वाल्व्ह यांच्यामध्ये केसाएवढी फट ठेवावी लागते. कमी झाली तर वाल्व्ह जळतो, जास्त झाली तर वाजतो. मधल्या सिलिंडरची फट दुपटीने जास्त होती. तिने ती बसवली, झाकण लावलं, नट आवळले. शेवटी पिवळ्या रंगाच्या डबीत काडी बुडवून प्रत्येक नटावर एकेक ठिपका दिला, अर्धा नटावर आणि अर्धा झाकणावर. ही रत्नपालची खूण होती. नंतर कोणी नट फिरवला तर ठिपक्याचे दोन तुकडे होतात आणि चोरी पकडली जाते. समीक्षा गेल्या मार्चपासून ही चोरी करत होती.

रस्त्यापलीकडे केशोरावांनी बारावं मिनिट उलटल्यावर दुसरा चहा सांगितला. गावात गुपित असं काही नसतं. सगळ्यांना सगळं ठाऊक असतं, फक्त ज्याचं त्याला कोणी सांगत नाही.

रत्नपालचा कान म्हणजे साधीसुधी गोष्ट नव्हती. देवरीपासून साकोलीपर्यंतच्या ड्रायव्हरांना सडक अर्जुनीच्या या पत्र्याच्या गॅरेजचं नाव सांगता आलं नसतं, कारण त्याला नावच नव्हतं. ते 'कानवाल्याकडे' म्हणत. दुरून येणारी गाडी नुसती ऐकून तो हातातलं काम न सोडता सांगायचा, की हिचं बेअरिंग गेलं. समीक्षा पाचवीत असताना त्याने तिच्या सायकलच्या खडखडीवरून, घरात जेवताना, मागच्या चाकाच्या दोन तारा सैल असल्याचं ओळखलं होतं. तीस वर्षं हातोडा, ग्राइंडर आणि उघड्या सायलेन्सरांशेजारी काढल्यावर त्या कानाने हळूहळू एकेक आवाज टाकून दिला. जाड आवाज राहिले, बारीक गेले. ट्रक ऐकू यायचा, टॅपेट नाही. आणि हे त्याला कोण सांगणार? समीक्षाला त्याची कीव येत नव्हती. तिला राग यायचा, आणि त्या रागाच्या तळाशी भीती होती. ज्या दिवशी एखादं अनोळखी गिऱ्हाईक तोंडावर बोलेल, त्या दिवशी बाबा पेचकस खाली ठेवतील आणि पुन्हा उचलणार नाहीत, ही भीती.

गॅरेजच्या मागच्या बाजूला, शेडखाली, तिची लाल एस्टीम उभी होती. भंगारवाल्याकडून आणलेली, दीड वर्षं दोघांनी मिळून उभी केलेली. मागच्या डिसेंबरात नागपूरच्या मातीच्या मैदानावर झालेल्या शर्यतीत समीक्षा एकोणीस गाड्यांत चौथी आली होती. तिसऱ्या नंबरात आणि तिच्यात दोन सेकंदांचाही फरक नव्हता. सडक अर्जुनीतल्या शिक्षिकांना आणि नर्सबाईंना गाडी चालवायला शिकवून तिने वर्षभरात बहात्तर हजार रुपये साठवले होते, आणि या वर्षी तिला कॅम बदलायचा होता. कॅमशाफ्ट हा इंजिनाच्या डोक्यातला दांडा. त्याच्यावरचे उंचवटे वाल्व्ह उघडतात. उंचवटा मोठा केला की वाल्व्ह जास्त उघडतो, इंजिन जास्त श्वास घेतं आणि वरच्या वेगात ते दोन सेकंद सापडतात.

"एस्टिमेट लिव," रत्नपाल म्हणाला होता. बाकी काहीच नाही.

त्याचा हा नियम घरच्यांनाही लागू होता. पांढऱ्या कागदावर पूर्ण एस्टिमेट लिहिल्याशिवाय तो कुणाच्याही गाडीचा एक बोल्ट उघडत नसे. तरुणपणी एका ट्रकचं इंजिन त्याने अंदाजाने उघडलं आणि अर्ध्यावर मालकाचे पैसे संपले. ते इंजिन दोन वर्षं मागे ताडपत्रीखाली पडून राहिलं आणि त्यात मुंगसाने पिल्लं घातली. तेव्हापासून जे लागतं ते सगळं कागदावर आलं पाहिजे. दुसरा नियम, जोडीचं सामान जोडीनेच बदलायचं. एका बाजूचा शॉकअप गेला तरी दोन्ही. गिऱ्हाइकाने कितीही गयावया केली तरी दोन्ही.

समीक्षाचं पहिलं एस्टिमेट दोन ओळींचं होतं. कोइम्बतूरहून कॅम, बावीस हजार. कुरिअर, पाचशे. रत्नपालने ते मास्तरासारखं लाल पेन्सिल घेऊन वाचलं आणि खाली लिहिलं, 'बी घेतलं. रोवणी कोण करणार?'

"वाल्व्ह एवढा उघडला तं जुनी स्प्रिंग त्याले वापस आनन का?" त्याने विचारलं. "मिनिटाले सात हजार फेऱ्याइच्या वर स्प्रिंग दम सोडते. मंग वाल्व्ह जाऊन पिस्टनले भेटते. मंग कॅम नाही, पुरं इंजिनच घेजो नवीन."

"लिवते."

"पुली? बेल्ट? गॅस्केट? नागपूरचं ट्यूनिंग का तुहा मामा करून देते?"

"लिवते ना बाबा."

"अन् हे बी ऐक. नवा कॅम बसला का खालचा दम जाते. पटाच्या शर्यतीतल्या बैलावानी होते गाडी. धावते खूप, पन वखर नाही ओढत. मंग रडत नोको येजो, का चढावावर मरून राहिली म्हनून."

दुसऱ्या खेपेला स्प्रिंगा आल्या, पुली, बेल्ट, सील, ट्यूनिंग, पेट्रोल आणि टोलसुद्धा आला. वर त्याच्या शिस्तीप्रमाणे दहा टक्के वरखर्च. एकूण पासष्ट हजार चारशे पन्नास. रत्नपालने प्रत्येक ओळीपुढे बरोबरची खूण केली आणि कागद परत देताना म्हणाला, "एक राहिलं. टॅपेट मी बसवीन. गेज थंड्या इंजिनचं खरं सांगते, धावत्या इंजिनचं कानच सांगते. शर्यतीच्या आधी, गरम इंजिनवर. मजुरी शून्य लिव."

समीक्षाने लिहिलं. टॅपेट, बाबा, शून्य. तिचा हात त्या शून्यावर जरा जास्तच वेळ फिरला.

त्या रात्री जेवण झाल्यावर ती आईजवळ ओट्यापाशी बसली. रंजिताबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांना इंजिनातलं काही कळत नसे, पण माणसातलं बरंच कळत असे.

"कुकरच्या शिट्ट्या मलेच मोजा लागतेत आता," त्या म्हणाल्या. "आधी बाहेरून सांगे हा मानूस, रंजिता तीन झाल्या. मागच्या साली मी म्हटलं, कान दाखवून द्या. तं मलेच म्हनते, तूच हळू बोलून राहिली."

"शर्यतीच्या मैदानावर बाबाच टॅपेट बसवतो म्हनतेत."

"मंग?"

"मंग काय. चारशे लोकाइच्या समोर मी त्याइच्या मागून झाकण उघडू का?"

रंजिताबाईंनी एक खडा वेचून बाजूला टाकला. "तू त्याच्याच बोलीत सांग त्याले," त्या म्हणाल्या. "माही बोली नाही समजत तो."

समीक्षा चार दिवसांनी गोंदियाला गेली ती बेल्टचा भाव काढायला म्हणून. परत येताना तिच्या पर्समध्ये बेल्टचा भाव होता आणि कानाच्या मशीनच्या दुकानाचं कार्ड होतं. तिने सगळी आकडेमोड पुन्हा केली. नवा कॅम नको, जुनाच घासून घेऊ, साडेनऊ हजारात होतो. नवी पुली नको, जुनीच कानसीने घासून चालवू. ट्यूनिंग पूर्ण दिवसाचं नको, अर्ध्या दिवसाचं. स्प्रिंगांना मात्र हात लावला नाही. असं करत कॅमचं सगळं काम चौतीस हजारांत बसलं. मग तिने एक ओळ मोकळी सोडली आणि 'लागणारी हत्यारं' असं लिहून खाली लिहिलं, 'टॅपेटसाठी, कानाची मशीन, एक, पस्तीस हजार.' वरखर्च तीन हजार. एकूण बरोबर बहात्तर.

सकाळी तिने तो कागद बापाच्या हातात दिला आणि एका नर्सबाईंना शिकवायला निघून गेली. थांबायची तिची हिंमत नव्हती, हे कबूल केलं पाहिजे.

परत आली तेव्हा कागद खिळ्याला टांगलेला होता. रत्नपाल जीपखाली होता. त्याने काही विचारलं नाही. दुपारी डबा खातानाही नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. गिऱ्हाईक आलं की तो बोलायचा, ती समोर आली की पाना शोधायला लागायचा. त्या दोन दिवसांत त्याने एकाही इंजिनाला पेचकस लावला नाही. ज्याची भीती होती ते आपणच केलं, असं समीक्षाला वाटायला लागलं.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी गॅरेज आवरताना त्याने खिळ्यावरचा कागद काढून तिच्यापुढे धरला. मशीनची ओळ लाल पेन्सिलीने खोडली होती. शेजारी त्याच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं, 'कान, समीक्षा. गॅरेजमध्ये आहे. खर्च नाही.'

आणि त्याने तो लांब पेचकस तिच्या हातात दिला. मूठ तिच्याकडे करून.

"हत्यार घरी असन तं विकत कायले घ्याचं?"

मूठ तीस वर्षांच्या गालाने आणि हाताने गुळगुळीत झालेली होती.

"मले मालूम हाय," तो म्हणाला. "तू मागून झाकण उघडते. होळीपासून मालूम हाय."

"कसं?"

"ठिपके. मी देतो ते वाकडेतिकडे असतेत. माहा हात कुठी सरळ हाय? अन् मी चहा पिऊन येतो तं सारे ठिपके रांगोळीवानी गोल." तो हसला, पण हसू डोळ्यांपर्यंत गेलं नाही. "मी काही बोललो नाही. बोललो असतो तं तू बंद केलं असतं. मंग लोकाइच्या गाड्या वाजत गेल्या असत्या."

आठ महिने ती त्याला जपत होती आणि आठ महिने तो तिला ते जपू देत होता. दोघांनी मिळून किती चहा वाया घालवला असेल कोण जाणे.

"आता लपून नोको करू," तो म्हणाला. "समोर कर. पेचकस तुहा. टॅपेट तू बसव, नवा कॅम घे, पुली बी नवीन घे. घासून नोको करू काही. झालं."

सगळं किती सरळ झालं होतं! तिला कॅम मिळत होता. पेचकस मिळत होता. आणि त्याच्या हिशेबात चूकही नव्हती, इंजिनाला त्याच्या कानाची गरज नव्हतीच. समीक्षाने कागदाकडे पाहिलं, मग बापाकडे. तो शटर ओढायला वळला होता.

ती शटरच्या आणि त्याच्या मधे जाऊन उभी राहिली, त्याला तोंड दिसेल अशी.

"इंजिनले नाही पायजे, बाबा. मले पायजे."

"काय?"

"तुमचा कान." तिने आवाज चढवला नाही, शब्द मात्र सुटे सुटे केले. "मागच्या डिसेंबरात मी चौथी आली. स्पीकरवर माहं नाव घेतलं. तुमी दोरीजवळ उभे होते. तुमी लोकाइचे हात पाहून टाळ्या वाजवल्या. मी पाहून राहिली होती गाडीतून."

रत्नपालने शटरवरचा हात खाली घेतला.

"अन् मागच्या महिन्यात जेवताना मी म्हटलं, बाबा, मी नागपूरले नोकरीले जाऊ का? कायमची. तुमी म्हटलं, हो, हो, चांगलं हाय."

"मी म्हटलं?"

"भाकर मोडत मोडत म्हटलं."

"जाऊन राहिली का तू?"

"नाही. मी पाहून राहिली होती, का तुमी ऐकता का नाही." आता तिचा आवाज फुटला. "मले काही सांगाचं असते तं मी कोनाले सांगू? साऱ्याले हो म्हनता तुमी."

हायवेवर ट्रक येत होते, जात होते. रत्नपाल उलट्या ठेवलेल्या टायरवर बसला. त्याला काही म्हणायचं असावं, पण तीस वर्षं तो इंजिनांचंच ऐकत आला होता. स्वतःबद्दल बोलायची त्याला सवय नव्हती.

"मंग एस्टिमेटात कायले लिवलं?" शेवटी तो म्हणाला. "सरळ सांगाचं होतं."

"तुमी एस्टिमेटच वाचता."

त्याने हात पुढे केला. तिने कागद दिला. खिशातून लाल पेन्सिल काढून तो त्या खोडलेल्या ओळीवर थांबला.

"एकच काऊन लिवली?"

"दोन घेतल्या तं सूट धरून पासष्ट होतेत."

"एका कानानं आवाज येते. कुठून येते, ते नाही समजत. डाव्या हातचा ट्रक उजवीकडून आल्यावानी वाटते." हे तो कुणाकडून ऐकलेलं सांगत नव्हता, हे तिला तेव्हा कळलं. "जोडीचं सामान..."

तो तिथेच थांबला. जोडी झाली तर कॅम गेला, हे दोघांनाही आकडे न मांडता दिसत होतं. त्याने पेन्सिल खिशात घालायला घेतली. समीक्षाने ती त्याच्या हातातून काढून घेतली, कॅमच्या ओळीवर वरून खालपर्यंत एक सरळ रेघ मारली, आणि कानाच्या मशीनपुढच्या 'एक'चं 'दोन' केलं.

"तुही शर्यत?"

"जुन्या कॅमवर. पुन्हा चौथी येईन. पन या बार तुमी स्पीकर ऐकून टाळ्या वाजवजा."

"पुढच्या सालचा कॅम मी घेऊन देईन," रत्नपाल म्हणाला. "स्प्रिंगा सकट. लिव खाली."

तिने लिहिलं. त्याने खाली सही केली, गिऱ्हाइकाला करायला लावतो तशी.

गोंदियातलं दुकान गुलाबचंदशेठचं होतं. त्यांनी रत्नपालला काचेच्या खोलीत बसवून तासभर पिपाण्या ऐकवल्या, मग संगणकावर काहीतरी जुळवलं, आणि दोन्ही कानांमागे शेंगदाण्याएवढी एकेक मशीन अडकवून म्हणाले, "अब बताइए चाचा, कैसा लग रहा है?"

रत्नपालने वर पाहिलं.

"तुमच्या पंख्याचं बुश गेलं," तो म्हणाला.

गुलाबचंदशेठ हसले. समीक्षाला हसता आलं नाही. ती दाराबाहेर जाऊन उगाच एस्टीमची काच पुसत राहिली.

परतीच्या वाटेवर रत्नपाल मांडीवरच्या प्लास्टिकच्या पिशवीला मधूनच बोट लावायचा, ती चुरचुरली की थांबायचा, पुन्हा लावायचा. गोरेगाव मागे पडलं. दोन्ही बाजूंना कापलेल्या धानाच्या कडपा उन्हात पडल्या होत्या.

"तू बोल ना काही," तो म्हणाला.

"काय बोलू?"

"काही बी." मग जरा वेळाने, "तुहा आवाज माह्या मायवानी हाय. मले मालूमच नव्हतं."

समीक्षाने गिअर बदलला. पुढे एक ट्रॅक्टर आडवा आला म्हणून गाडी जवळजवळ थांबली, इंजिन संथ झालं, आणि रत्नपालने मान तिरकी केली. एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे.

"बाजूले घे," तो म्हणाला. "बंद नोको करू."

ती सडकेच्या कडेला थांबली. त्याने उतरून बॉनेट उघडलं. समीक्षा त्याच्यामागे पेचकस घेऊन आली, पण त्याने हातानेच नको म्हटलं. तो इंजिनासमोर वाकला, डोळे मिटले आणि डोकं सावकाश या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत फिरवलं. मग डोळे न उघडताच बोट पुढे केलं.

"हा. तिसऱ्याचा, बाहेरचा. ढिला हाय."

"किती?"

"पाव फेर. जास्त नाही."

त्या दिवशी पहाटे, आईसुद्धा उठायच्या आधी, समीक्षाने शेडखाली तिसऱ्या सिलिंडरचा बाहेरचा टॅपेट गेजने मोजून पाव फेर सैल केला होता. तिने हे कुणालाही सांगितलं नव्हतं.

"हो का?" ती म्हणाली. "माह्या ध्यानातच नाही आलं."

रत्नपालने डोळे उघडले. झाकणावर धूळ आणि तेलाचा काळपट थर होता, आणि त्या थरात नटांवरचे ठिपके ताजे, पिवळेधमक, एकजात गोल. त्याने एका ठिपक्यावरून अंगठा फिरवला. मग मुलीकडे पाहिलं. ती रस्त्यापलीकडच्या शेताकडे पाहत होती.

"इथंच बसवून देते," ती म्हणाली. "पाना हाय गाडीत. दहा मिनिटं लागतीन."

"राहू दे," रत्नपाल म्हणाला. त्याने बॉनेट हळूच खाली घेतलं. "दोन दिवस वाजू दे."